अल्क धातूंचे डोपिंग आणि पी-प्रकारचे झिंक ऑक्साइड : दाव्यांची एक चिकित्सा

सारांश : झिंक ऑक्साइड या अर्धवाहकात लिथियम, सोडियम व पोटॅशियम हे अल्क धातू मिसळून पी-प्रकारची वाहकता मिळाल्याचे दावे गेल्या सुमारे पंचवीस वर्षांत मोठ्या संख्येने प्रसिद्ध झाले. प्रस्तुत लेखात या दाव्यांमागील सैद्धांतिक आधार, त्यांसाठी वापरलेली मापनपद्धती आणि नमुना तयार करण्याच्या रीती यांची तपासणी केली आहे. महाविद्यालयीन प्रयोगशाळांत चालणाऱ्या अशा संशोधनात नेमके कोठे पाऊल घसरते, याचाही विचार केला आहे.

बीजशब्द : झिंक ऑक्साइड, अल्क धातू, ग्राही, हॉल परिणाम, स्वयंभरपाई.

प्रस्तावना

झिंक ऑक्साइड हे संयुग रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला भस्म, मलम आणि रंग यांतून परिचित असते, तर भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला ते अर्धवाहक म्हणून भेटते. वुर्टझाइट जालकात स्फटिकणाऱ्या या संयुगाचे ऊर्जा-अंतर सामान्य तापमानास सुमारे ३.३७ इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे. त्यातील एक्सायटॉनची बंधन ऊर्जा ६० मिली इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे सामान्य तापमानाच्या औष्णिक ऊर्जेच्या (सुमारे २६ मिली इलेक्ट्रॉन व्होल्ट) दुपटीहून अधिक आहे. गॅलियम नायट्राइडमध्ये हीच ऊर्जा २५ च्या आसपास असते. जस्त स्वस्त व मुबलक आहे, विषारी नाही आणि साध्या भट्टीतही त्याचे ऑक्साइड तयार होते. अतिनील प्रकाश देणारा डायोड झिंक ऑक्साइडपासून बनवता आला तर तो गॅलियम नायट्राइडला स्वस्त पर्याय ठरेल, ही आशा या गुणांतूनच निर्माण झाली.

या आशेच्या आड एकच अडचण आहे. झिंक ऑक्साइड स्वभावतः एन-प्रकारचे असते. ते कसेही बनवले तरी त्यात इलेक्ट्रॉनांचे आधिक्य आढळते. या आधिक्याचे खापर दीर्घकाळ ऑक्सिजनच्या रिक्त जागांवर फोडले गेले. पुढे व्हॅन डी वाले यांनी २००० साली केलेल्या गणनांतून हायड्रोजन हा झिंक ऑक्साइडमध्ये नेहमी दात्याचीच भूमिका घेतो असे दिसले, आणि ऑक्सिजनची रिक्त जागा हा खोल दाता असल्याने ती या वाहकतेचे कारण असू शकत नाही, हे जॅनोट्टी व व्हॅन डी वाले यांनी दाखवले. असे असूनही अनेक शोधनिबंधांच्या प्रस्तावनेत ऑक्सिजनच्या रिक्त जागांचे जुने वाक्य आजही जसेच्या तसे उतरवलेले आढळते. ही किरकोळ बाब नव्हे. दाता कोण हेच ठाऊक नसताना त्याची भरपाई करणारा ग्राही शोधणे म्हणजे उधारी कोणाची हे न पाहता परतफेड करण्यासारखे आहे.

डायोडसाठी पी-प्रकारचा भाग हवा, म्हणजे ग्राही हवा. ग्राहीसाठी दोन मार्ग दिसतात. ऑक्सिजनच्या जागी नायट्रोजन, फॉस्फरस, आर्सेनिक यांसारखे पाचव्या गटातील मूलद्रव्य बसवणे हा एक, आणि द्विसंयुजी जस्ताच्या जागी एकसंयुजी अल्क धातू बसवणे हा दुसरा. प्रस्तुत विवेचन दुसऱ्या मार्गापुरते मर्यादित आहे. पहिल्या मार्गाचा उल्लेख तुलनेपुरताच येईल.

बसणारा आणि न बसणारा अणू

लिथियमच्या बाजूने केला जाणारा पहिला युक्तिवाद आकाराचा असतो. चार शेजारी असलेल्या स्थानात जस्त आयनाची त्रिज्या ०.६० अँगस्ट्रॉम, तर लिथियम आयनाची ०.५९ अँगस्ट्रॉम आहे. सोडियमची ०.९९ आणि पोटॅशियमची १.३७ अँगस्ट्रॉम होते. या आकड्यांवरून लिथियम जस्ताच्या जागी जणू मापाने शिवल्यासारखा बसेल, असा निष्कर्ष काढला जातो.

निष्कर्ष चुकीचा नाही, पण अर्धा आहे. जो अणू जालकातील जागेत सहज मावतो तो आपल्या लहानपणामुळेच जालकातील फटीतही सहज मावतो. वुर्टझाइट रचनेत अष्टफलकी फटी मोकळ्या असतात. तेथे शिरलेला लिथियम आपला एकमेव संयुजा इलेक्ट्रॉन देऊन टाकतो, म्हणजे दाता होतो. जस्ताच्या जागी बसला तर ग्राही आणि फटीत शिरला तर दाता, असे हे दुहेरी वर्तन आहे. बेल प्रयोगशाळेतील लँडर यांनी १९६० साली प्रसिद्ध केलेल्या कामाच्या शीर्षकातच लिथियमचा झिंक ऑक्साइडमधील दाता आणि ग्राही असा दुहेरी उल्लेख होता. म्हणजे आज ज्या अडचणीला नवी म्हणून सामोरे जावे लागते ती साठ वर्षांहून अधिक काळ छापील स्वरूपात उपलब्ध आहे.

अडचणीचे मर्म ऊर्जेच्या हिशेबात आहे. नमुना जसजसा पी-प्रकाराकडे झुकतो, म्हणजे फर्मी पातळी संयुजा पट्ट्याकडे सरकते, तसतशी दाता निर्माण करण्यास लागणारी ऊर्जा घटत जाते. पुढचा प्रत्येक लिथियम अणू मग जस्ताच्या जागेऐवजी फटीत शिरणे पसंत करतो आणि आधीच्या ग्राहीने निर्माण केलेला होल पुसून टाकतो. यालाच स्वयंभरपाई म्हणतात. फटीतील लिथियम चंचल असल्याने तो जस्ताच्या जागी बसलेल्या लिथियमजवळ जाऊन जोडी करतो, आणि ती जोडी विद्युतदृष्ट्या तटस्थ असते. वॉर्डल, गॉस व ब्रिडन यांनी २००५ साली या जोड्यांची व हायड्रोजनबरोबरच्या संयुगांची गणना करून लिथियमवर आधारित पी-डोपिंगला ही मूलभूत मर्यादा असल्याचे दाखवले. अधिक लिथियम घातल्याने अधिक होल मिळत नाहीत. उलट बहुतेक वेळा नमुना केवळ अधिक रोधक होतो. प्रयोगात दिसतेही तेच.

सोडियम व पोटॅशियम यांच्याबाबत फटीत शिरण्याचा धोका कमी, पण जस्ताच्या जागेवर ताण अधिक, असा व्यवहार आहे. रुबिडियम आणि सिझियम यांचा विचार या संदर्भात फारसा कोणी गांभीर्याने केला नाही, आणि त्यात काही बिघडलेही नाही.

शून्य पूर्णांक नऊ शतांश आणि शून्य पूर्णांक आठ दशांश

या क्षेत्रातील सर्वाधिक उद्धृत झालेल्या कामांपैकी एक म्हणजे पार्क, झांग आणि वेई यांचा २००२ चा लेख. त्यात जस्ताच्या जागी बसलेल्या लिथियमची ग्राही पातळी संयुजा पट्ट्याच्या ०.०९ इलेक्ट्रॉन व्होल्ट वर, सोडियमची ०.१७ आणि पोटॅशियमची ०.३२ इलेक्ट्रॉन व्होल्ट वर दिली होती. त्याच सारणीत नायट्रोजनची पातळी ०.४० होती. साहजिकच लिथियम हा सर्वांत उथळ, म्हणून सर्वांत आश्वासक ग्राही ठरला. लेखाचे शीर्षक पी-डोपिंगमधील अडचणींविषयी होते आणि लेखकांनी फटीतील लिथियमचा धोकाही स्पष्ट सांगितला होता. पण पुढच्या वाचकांनी सारणी घेतली आणि शीर्षक सोडले. शोधनिबंधांच्या दुनियेत सारणीला पाय फुटतात. अटींना ते फुटत नाहीत.

या ०.०९ च्या तुलनेत एक जुना आकडा ठेवणे आवश्यक आहे. शिर्मर यांनी १९६८ साली इलेक्ट्रॉन अनुचुंबकीय अनुस्पंदनाच्या साहाय्याने लिथियम असलेल्या झिंक ऑक्साइडमधील होल नेमका कोठे राहतो हे शोधले. तो जालकभर पसरलेला नसून लिथियमशेजारच्या एकाच ऑक्सिजन अणूवर अडकून बसलेला आढळला. १९७० साली शिर्मर व झ्विंगेल यांनी लिथियमयुक्त झिंक ऑक्साइडच्या पिवळ्या दीप्तीचा संबंध याच केंद्राशी जोडला. या मालिकेतून ग्राहीची खोली सुमारे ०.८ इलेक्ट्रॉन व्होल्ट असल्याचे चित्र उभे राहिले.

०.०९ आणि ०.८ यांतील फरक कागदावर लहान दिसतो, म्हणून तो आकड्यांत उतरवून पाहणे उपयुक्त ठरेल. ग्राहींची संख्या दर घन सेंटिमीटरला १० चा १९ वा घात आणि संयुजा पट्ट्यातील प्रभावी अवस्थांची घनताही त्याच सुमाराची धरू. भरपाई करणारा एकही दाता नाही, असे प्रयोगात कधीच न आढळणारे औदार्यही गृहीत धरू. सामान्य तापमानास ०.०९ इलेक्ट्रॉन व्होल्ट खोलीच्या ग्राहीपासून दर घन सेंटिमीटरला सुमारे १० चा १८ वा घात इतके होल मिळतील. खोली ०.८ असेल तर मात्र ही संख्या १० च्या १२ व्या घातापर्यंत खाली येते. चलनशीलता १ चौरस सेंटिमीटर प्रतिव्होल्ट-सेकंद धरली, तर अशा नमुन्याचा विशिष्ट रोध साठ लाख ओहम-सेंटिमीटरच्या घरात जाईल. ग्राहींपैकी निम्म्यांची भरपाई दात्यांनी केली, असे अधिक वास्तव गृहीतक घेतल्यास पहिल्या प्रकरणी होल १० च्या १७ व्या घाताच्या किंचित खाली उरतात, आणि दुसऱ्या प्रकरणी घन सेंटिमीटरमागे सुमारे एक लाख. हे दुसरे द्रव्य व्यवहारात निरोधकच म्हणावे लागेल.

प्रसिद्ध झालेल्या बहुतांश दाव्यांतील होल-संख्या १० च्या १७ व्या घाताच्या आसपास आहे. चीनमधील झेजियांग विद्यापीठाच्या गटाने २००५-०६ च्या सुमारास स्पटरिंगने केलेल्या लिथियमयुक्त थरांत हाच क्रम नोंदवला. म्हणजे मोजलेली संख्या ०.०९ च्या हिशेबाशी जुळते, ०.८ शी मुळीच जुळत नाही. जुळणी हा पुरावा मानला गेला आणि बरेच संशोधक येथेच थांबले. प्रश्न उलटा विचारायला हवा होता. होल एका ऑक्सिजनवर अडकलेला प्रत्यक्ष दिसत असताना उथळ पातळीचे गणित बरोबर आले कसे?

याचे उत्तर २००९ च्या सुमारास मिळाले. २००२ ची गणना ज्या प्रकारच्या घनता-फलन सिद्धांतावर आधारलेली होती, तो सिद्धांत झिंक ऑक्साइडचे ऊर्जा-अंतर ३.४ ऐवजी १ इलेक्ट्रॉन व्होल्टच्याही खाली दाखवतो, आणि इलेक्ट्रॉनाच्या स्वतःशीच होणाऱ्या आंतरक्रियेची चूक त्यात राहून गेल्याने होल कृत्रिमरीत्या पसरतो. पसरलेला होल उथळ दिसतो. कार्व्हालो व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली संकरित फलन वापरून लिथियमची पुन्हा गणना केली तेव्हा होल शेजारच्या ऑक्सिजनवर स्थानबद्ध झाला व पातळी खोल गेली. त्याच वर्षी लायन्स, जॅनोट्टी व व्हॅन डी वाले यांनी नायट्रोजनबाबतही असाच निष्कर्ष काढला. त्यांची ग्राही पातळी १.३ इलेक्ट्रॉन व्होल्ट इतकी खोल होती. १९६८ च्या प्रयोगाने सांगितलेल्या गोष्टीपर्यंत सिद्धांत पोहोचायला ४१ वर्षे लागली. मधल्या काळात सिद्धांताच्या आधारे प्रयोगांचे अर्थ लावले गेले. उलट व्हायला हवे होते.

प्रकाशदीप्तीच्या आधाराचीही अशीच गत आहे. ३.३१ इलेक्ट्रॉन व्होल्टजवळची दीप्तिरेषा सुमारे १३० मिली इलेक्ट्रॉन व्होल्ट खोलीच्या उथळ ग्राहीची खूण म्हणून अनेक निबंधांत पुढे केली जाते. शिरा व सहकाऱ्यांनी २००८ साली कॅथोडदीप्तीच्या सूक्ष्म चित्रणातून ही रेषा थरांच्या रचनाक्रमातील दोषांच्या जागी उगम पावते असे दाखवले. डोपिंग केल्यावर थराची स्फटिकता बिघडते, दोष वाढतात, रेषा तीव्र होते, आणि लेखक लिहितो की ग्राही वाढले. कारण आणि परिणाम यांच्यामध्ये तिसरीच गोष्ट उभी असते.

हॉल मापनातील चिन्ह

पी-प्रकाराचा निर्णय बहुतेक ठिकाणी एकाच मापनावर, म्हणजे हॉल व्होल्टेजच्या चिन्हावर होतो. या चिन्हावर किती भार टाकावा हे ठरवण्यासाठी साधा हिशेब पुरतो. हॉल व्होल्टेज आणि नमुन्याच्या लांबीवरील व्होल्टेज यांचे गुणोत्तर चलनशीलता आणि चुंबकीय क्षेत्र यांच्या गुणाकाराएवढे असते. लिथियमयुक्त थरांत चलनशीलता २ चौरस सेंटिमीटर प्रतिव्होल्ट-सेकंद इतकी अल्प असते. क्षेत्र अर्धा टेस्ला घेतले तर गुणोत्तर दहा हजारात एक इतके येते. एक व्होल्ट लावल्यास हॉल व्होल्टेज ०.१ मिलिव्होल्ट. समोरासमोरच्या संपर्कबिंदूंची जागा लांबीच्या केवळ एक टक्क्याने चुकली असेल तर त्या चुकीमुळे येणारे व्होल्टेज १० मिलिव्होल्ट होते, म्हणजे मोजायच्या राशीच्या शंभरपट. चुंबकीय क्षेत्राची दिशा उलटवून वजाबाकी केली की ही चूक जाते, हे खरे. पण मधल्या काळात नमुन्याचे तापमान किंवा रोध हजारात एकानेही बदलला तरी उरलेली तफावत हॉल व्होल्टेजच्या दहा टक्क्यांची होते. रोध टक्क्याने ढळला तर चिन्हाचीही खात्री उरत नाही. झिंक ऑक्साइडचा रोध प्रकाश पडला तर बदलतो, आणि प्रकाश काढल्यावर तो पूर्वपदावर यायला तास किंवा दिवस लागू शकतात. नमुना अंधारात किती वेळ ठेवला होता, ही माहिती फार थोड्या निबंधांत सापडते.

याहून गंभीर मुद्दा बिअरवागेन व सहकाऱ्यांनी २००८ साली मांडला. नमुना एकजिनसी नसेल आणि संपर्कबिंदू कडेला नसून आत असतील, तर निखळ एन-प्रकारचा नमुनाही व्हॅन डर पॉव रचनेत पी-प्रकारचा दिसतो. येथे क्षेत्र उलटवून उपयोग नसतो, कारण चूक चिन्हातच मुरलेली असते. त्याच वर्षी ओहगाकी व सहकाऱ्यांनी खात्रीने एन-प्रकारच्या असलेल्या झिंक ऑक्साइडच्या थरांवर व स्फटिकांवर संपर्कबिंदूंची जागा बदलून धन हॉल गुणांक मिळवून दाखवला. या दोन लेखांनंतर प्रसिद्ध झालेल्या प्रत्येक निबंधाने संपर्कबिंदूंची रचना व नमुन्याचा एकजिनसीपणा यांविषयी चार ओळी लिहिणे अपेक्षित होते. तसे क्वचितच घडले.

उष्ण शलाका कसोटी, म्हणजे एक टोक तापवून व्होल्टेजचे चिन्ह पाहणे, ही साधी आणि बऱ्याच महाविद्यालयांत उपलब्ध असलेली कसोटी आहे. ती हॉल मापनाच्या जोडीला असावी, बदली नव्हे. आणि दंडीकारक वक्र? पी-प्रकारच्या सिलिकॉनवर झिंक ऑक्साइडचा थर देऊन डायोडचा वक्र दाखवला म्हणजे झिंक ऑक्साइड पी-प्रकारचे सिद्ध होत नाही. तसा वक्र एन-प्रकारच्या झिंक ऑक्साइडबरोबरही येतो, किंबहुना तोच अपेक्षित असतो. केवळ धातूच्या संपर्कामुळेही दंडीकरण घडते.

काही दावे टिकण्याच्या कसोटीवर गळाले. पी-प्रकारचे म्हणून जाहीर झालेले थर काही दिवसांत वा आठवड्यांत पुन्हा एन-प्रकारचे झाल्याच्या नोंदी विपुल आहेत. त्या बहुधा निष्कर्षात असत नाहीत, चर्चेच्या मध्यावर एखाद्या वाक्यात असतात.

दुसरी बाजूही नोंदवणे न्याय्य ठरेल. नायट्रोजन वापरून त्सुकाझाकी व सहकाऱ्यांनी २००५ साली एकाच द्रव्याच्या संधीपासून प्रकाश देणारा डायोड सादर केला. ते काम अत्यंत काळजीपूर्वक वाढवलेल्या थरांवर झाले होते. सोडियमयुक्त पी-प्रकारच्या सूक्ष्मतारांचा २०१० मधील दावाही केवळ हॉल चिन्हावर उभा नव्हता. अशा कामांना सरसकट खोटे म्हणणे उथळपणाचे ठरेल. परंतु त्यांतील यश इतर प्रयोगशाळांत सहज पुनरावृत्त झाले नाही आणि त्यातून उद्योगाला उपयोगी पडेल असा डायोड निघाला नाही, हेही तितकेच खरे.

गॅलियम नायट्राइडच्या इतिहासाचा दाखला या संदर्भात वारंवार दिला जातो. तेथेही पी-प्रकार अशक्य मानला जात होता. १९८९ साली अमानो व आकासाकी यांनी मॅग्नेशियमयुक्त थरावर इलेक्ट्रॉन शलाका टाकून, आणि १९९२ साली नाकामुरा यांनी नायट्रोजनमध्ये तापोपचार करून हा अडथळा पार केला. तिघांना २०१४ चा नोबेल पुरस्कार मिळाला. तेथे ग्राहीला हायड्रोजनने निष्प्रभ केले होते, तो हाकलताच ग्राही जागे झाले. याच धर्तीवर ली व चांग यांनी २००४ साली सुचवले की झिंक ऑक्साइडमध्ये लिथियमबरोबर आधी हायड्रोजन घालावा, म्हणजे लिथियम फटीत न जाता जस्ताच्या जागी बसेल, आणि मग तापवून हायड्रोजन काढून टाकावा. कल्पना सुबक आहे. लिथियम व हायड्रोजन एकत्र राहतात याची खूणही जलौष्णिक स्फटिकांच्या अवरक्त वर्णपटात ३५७७ प्रतिसेंटिमीटरला सापडते. पण साधर्म्य एका टप्प्यावर तुटते. मॅग्नेशियमची पातळी नायट्राइडमध्ये सुमारे ०.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे, म्हणून हायड्रोजन गेल्यावर जागा होणारा ग्राही उपयोगाचा असतो. येथे हायड्रोजन गेल्यावर जागा होतो तो ०.८ चा.

प्रयोगशाळेच्या टेबलावर

महाराष्ट्रात पातळ थरांच्या संशोधनाची परंपरा मोठी आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात फवारा-उष्माविघटन व रासायनिक निक्षेपण या स्वस्त पद्धती दीर्घकाळ विकसित झाल्या. प्रा. पी. एस. पाटील यांचा फवारा पद्धतीवरील १९९९ चा आढावा आजही पायाभूत मानला जातो. निर्वात यंत्रणा परवडत नसलेल्या ग्रामीण महाविद्यालयांना या पद्धतींनी संशोधनाचे दार उघडून दिले, हे त्यांचे ऋण कमी नाही. नेमक्या याच कारणाने, अल्क धातूंच्या प्रश्नात या पद्धतींच्या खास अडचणी समजून घेणे अगत्याचे आहे.

पहिली अडचण काचेची. फवारा पद्धतीत सूक्ष्मदर्शकाच्या साध्या काचपट्टीवर ४०० ते ४५० अंश सेल्सिअसला थर दिला जातो. ही सोडा-चुना काच असते आणि तिच्यात सोडियम ऑक्साइडचे वजनी प्रमाण १३-१४ टक्के असते. या तापमानाला सोडियम काचेतून थरात झिरपतो, ही गोष्ट सौर घटांच्या संशोधकांना १९९० च्या दशकापासून चांगली ठाऊक आहे. ते तिचा लाभही घेतात. तेव्हा अशा काचेवर एक टक्का लिथियमचा परिणाम अभ्यासणारा विद्यार्थी प्रत्यक्षात लिथियम आणि अज्ञात प्रमाणातील सोडियम यांचा एकत्रित परिणाम अभ्यासत असतो. तुलनेसाठी ठेवलेला 'शुद्ध' नमुनाही सोडियमयुक्तच असतो.

दुसरी अडचण आम्लारीची. झिंक ऑक्साइडचे सूक्ष्मकण सहअवक्षेपणाने करताना सोडियम किंवा पोटॅशियम हायड्रॉक्साइड वापरतात. अवक्षेप कितीही धुतला तरी अल्क धातूचा अंश पूर्णपणे जातो असे गृहीत धरता येत नाही. सोडियम हायड्रॉक्साइडने केलेल्या कणांत सोडियम डोप करून त्याची तुलना 'अनडोप्ड' कणांशी करणारे निबंध वाचताना समीक्षकांनी हा प्रश्न विचारला नसावा याचे आश्चर्य वाटते.

तिसरी अडचण टक्केवारीची. निबंधाच्या शीर्षकातील '५ टक्के लिथियम' ही संख्या द्रावणातील असते, थरातील नव्हे. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाला जोडलेली नेहमीची क्ष-किरण ऊर्जा-विश्लेषण यंत्रणा लिथियम पाहूच शकत नाही. मग थरातील लिथियमचा पुरावा म्हणून क्ष-किरण विवर्तनातील ३४.४ अंशाजवळच्या (००२) शिखराचे सरकणे दाखवले जाते. येथेही हिशेब करून पाहावा. शिखर ०.१ अंशाने सरकले तर प्रतलांमधील अंतर सुमारे ०.२८ टक्क्यांनी बदलले असे होते. पाच टक्के जस्ताची जागा ०.०१ अँगस्ट्रॉमने लहान असलेल्या लिथियमने घेतली तर केवळ आकारामुळे अपेक्षित बदल ०.०३ टक्क्यांहूनही कमी येतो. दसपट फरकाचे स्पष्टीकरण आकारात नसून थरातील ताणात, फटीतील लिथियममध्ये किंवा नमुना धारकात थोडा वरखाली बसण्यात शोधावे लागते. ज्या आकारसाम्यामुळे लिथियमची निवड केली, त्याच आकारसाम्यामुळे शिखर सरकायला नको होते. हा विरोधाभास एकाच निबंधाच्या दोन पानांवर शेजारी शेजारी नांदतो.

या तिन्ही अडचणींवर उपाय महागडा नाही. काचपट्टीऐवजी क्वार्ट्झ किंवा सिलिकाचा अडथळा-थर दिलेली काच वापरता येते. सहअवक्षेपणासाठी अमोनिया वापरता येतो. आणि थरातील लिथियम, सोडियम, पोटॅशियम मोजण्यासाठी जे उपकरण लागते ते बहुतेक महाविद्यालयांच्या रसायनशास्त्र विभागात पूर्वीपासून असते : ज्योत प्रकाशमापक. थर विरल हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवून, क्षेत्रफळ व जाडी नोंदवून तिन्ही धातूंचे प्रमाण काढता येते. थर पातळ असल्याने चार-पाच नमुने एकत्र विरघळवावे लागतील, एवढेच. भौतिकशास्त्राचा विद्यार्थी हॉल मापनासाठी दोनशे किलोमीटरवरच्या विद्यापीठात जातो, आणि जिन्याखालच्या प्रयोगशाळेतील ज्योत प्रकाशमापक पाहत नाही.

लिथियमचा खरा उपयोग

पी-प्रकाराच्या हट्टामुळे लिथियमच्या ज्या गुणाकडे दुर्लक्ष झाले तो म्हणजे रोध वाढवण्याची क्षमता. बेल प्रयोगशाळेत लॉडाइज व सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात जलौष्णिक पद्धतीने मोठे झिंक ऑक्साइड स्फटिक वाढवले. या पद्धतीत वापरल्या जाणाऱ्या लिथियमयुक्त आम्लारी द्रावणामुळे स्फटिकात लिथियम शिरतो व त्याचा रोध वाढतो. दाबविद्युत उपयोगांसाठी हेच हवे असते. ज्या द्रव्यातून वीज गळते ते दाबविद्युत प्रभार धरून ठेवू शकत नाही. पृष्ठीय ध्वनितरंगांच्या उपकरणांत याचा विचार अटळ आहे. पी-प्रकाराच्या दृष्टीने अपयश ठरलेली भरपाई येथे अपेक्षित गुण ठरते.

ओनोदेरा व सहकाऱ्यांनी १९९६ साली लिथियमयुक्त झिंक ऑक्साइडमध्ये ३३० केल्विनच्या सुमारास लोहविद्युत संक्रमण नोंदवले. जस्ताच्या जागी बसलेला लहान लिथियम मध्यबिंदूपासून सरकतो हे त्यामागचे चित्र आहे. २०१० साली यी व सहकाऱ्यांनी लिथियमच्या साहाय्याने जस्ताच्या रिक्त जागा स्थिर करून लोहचुंबकत्व मिळाल्याचे मांडले. त्याआधी २००९ साली नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतूनही लिथियमयुक्त सूक्ष्मशलाकांत सामान्य तापमानाला लोहचुंबकत्व नोंदवले गेले होते. चुंबकीय दाव्यांनाही हॉल चिन्हाइतकीच कठोर तपासणी हवी, कारण तेथे संकेत इतका क्षीण असतो की स्टीलच्या चिमट्याचा कणही त्यात मिसळू शकतो. लोहविद्युत व रोधवर्धक गुणांचे मापन मात्र तुलनेने सुलभ आहे. दाबविद्युत थरासाठी किती लिथियम पुरे, तो थरात प्रत्यक्ष किती उतरतो आणि तापोपचारानंतर किती उरतो, या तीन प्रश्नांची उत्तरे फवारा यंत्र, ज्योत प्रकाशमापक आणि चांगला विद्युतमापी असलेल्या कोणत्याही महाविद्यालयाला देता येतील. त्यासाठी निबंधाच्या शीर्षकातून 'पी-प्रकार' हा शब्द काढावा लागेल.